वॉचमेन पडद्यावर: चौकट उचलता येते, पानाचं काय करायचं?

पानपलट

वॉचमेन या सुपरहिरोंच्या चित्रकथेच्या पडद्यावरच्या रूपांतरांचा विषय निघाला की दोनच तट पडतात. एक म्हणतो, २००९ च्या चित्रपटात दिग्दर्शक झॅक स्नायडरने चौकट न् चौकट उतरवली, अजून काय हवं? दुसरा म्हणतो, हे पडद्यावर होणारच नाही, सोडून द्या. तपशिलात कोणीच शिरत नाही. म्हणून हा धागा. कुठलं पान, त्यातली युक्ती कुठली, पडद्यावर तिचं काय झालं आणि बिनसलं तर का, एवढंच बोलू या. रहस्यभेद भरपूर होणार आहे. पुस्तक वाचलं नसेल तर आधी वाचून या, धागा कुठे पळून जात नाही.

आधी मालमत्ता मोजू. लेखन अॅलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स. डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशनाने १९८६-८७ मध्ये १२ अंकांत काढलं. चित्रकथेची पानं साधारण ३४०. शिवाय पहिल्या ११ अंकांच्या शेवटी गद्य पुरवण्या: आत्मचरित्रातली प्रकरणं, मुखवटाधारी नायक रोरशाकची पोलिसी आणि वैद्यकीय कागदपत्रं, घुबडांवरचा लेख, उद्योगपती व्हाइटची मुलाखत.

आता वेळ. पानावर २१० शब्द आणि एका फुग्यात २५ ही शब्दांची जुनी मर्यादा डीसीचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांची. आपण तिचा आधार घेतो असं मूरने सांगितलंय. नऊ चौकटींच्या पानात चौकटीला २३ शब्द आले. इंग्रजी संवाद मिनिटाला दीडशे शब्दांच्या गतीने म्हटला तर भरगच्च पान होतं १.४ मिनिटांचं. पण मुकी पानंही बरीच आहेत, म्हणून सरासरी पानाला एक मिनिट धरा. झाली ३४० मिनिटं. हा हवेतला हिशेब नाही. २००८ च्या मोशन कॉमिकमध्ये मूळ चित्रंच हलवून १२ भाग केले होते, त्यांची एकूण लांबी ३२५ मिनिटं आहे. तीही पुरवण्या वगळून.

२००९ चा चित्रपट थिएटरात १६२ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाची आवृत्ती १८६ आणि 'अल्टिमेट कट' २१५. म्हणजे थिएटरात निम्मं पुस्तक गेलं. आधी हा चित्रपट करू पाहणाऱ्या दिग्दर्शक टेरी गिलियमने हे प्रकरण हाताळून झाल्यावर पाच तासांची मालिका हवी असं म्हटलं होतं, ते या आकड्याच्या बरंच जवळ आहे.

माझं म्हणणं असं की निम्मं गेलं हा खरा घोटाळा नाही. उरलेल्या निम्म्यातली चित्रं घेतली आणि पानाची यंत्रणा टाकून दिली, घोटाळा तिथे आहे.

तिरपी_रेघ

यंत्रणेची सुरुवात भूमितीतून करू, कारण बिनसायला तिथूनच लागतं.

अमेरिकन कॉमिकचं मूळ चित्र १० × १५ इंचावर काढतात. त्याचे तीन आडवे, तीन उभे भाग केले की प्रत्येक चौकट सुमारे ३.३ × ५ इंचांची, म्हणजे रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश. उभी चौकट. चित्रपट २.३९:१ च्या सिनेमास्कोप चौकटीत आहे. त्याच उंचीला साडेतीनपट रुंदी. गिबन्सने उभ्या खिडकीत एक चेहरा आणि त्यामागे दरवाजाची फट एवढंच बसवलेलं असतं. पडद्यावर त्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना अडीच चौकटी भरतील एवढी मोकळी जागा उरते, आणि ती भरावी लागते. मग सेट, पाऊस, धूर, निऑन. चित्र 'जसंच्या तसं' वाटतं, पण नजर कुठे ठेवायची ही गिबन्सने लावलेली शिस्त गेलेली असते.

गंमत म्हणजे एक आख्खी ओळ, तीन चौकटींची, १० × ५ म्हणजे बरोबर २:१ येते. पडद्याच्या आकाराशी नातं एका चौकटीचं नाही, ओळीचं आहे. त्यामुळे स्टोरीबोर्ड (शॉटचा चित्ररूप आराखडा) करताना चौकटीला एक शॉट असं धरू नये. ओळीला एक शॉट धरावा आणि तीन चौकटींतला बदल त्याच शॉटच्या आत घडवावा: पात्र हलवून, फोकस सरकवून किंवा दिवा घालवून.

नेमका_प्रश्न

भूमिती पटली. पण मग चित्रपटात ठिकठिकाणी स्लो मोशन का आहे? त्याचा याच्याशी संबंध आहे की ती निव्वळ दिग्दर्शकाची हौस?

शाईडाग

हौस आहेच. पण संबंधही आहे.

चौकटीकडे किती वेळ बघायचं ते वाचक ठरवतो. गिबन्सच्या चौकटीत बारीकसारीक इतकं आहे (वर्तमानपत्राचे मथळे, भिंतीवरची पोस्टरं, अत्तराच्या जाहिराती) की वाचक थांबतो, मागे जातो. चित्रपटात शॉट दोन सेकंदांत संपतो. प्रेक्षकाला बघायला वेळ द्यायचा तर शॉट लांबवा किंवा गती कमी करा. सेकंदाला १२० चौकटींनी चित्रित करून २४ ने दाखवलं तर एका सेकंदाचे पाच होतात. युक्ती म्हणून ठीक.

पण ती लागली कुठे? मारामारीला. हात मोडतोय, भिंत फुटतेय, ते पाचपट वेळ आणि देखणं. पुस्तकात उलट आहे. मूर-गिबन्सनी गतिरेषा टाकल्या, 'धाड् धाड्' छापाची आवाजाची अक्षरं टाकली, मनातल्या विचारांचे फुगेही टाकले. त्यामुळे मारामारी थंड, अवघडलेली आणि थोडी लाजिरवाणी दिसते. मध्यमवयीन माणसं पोशाख घालून मारतायत! अतिमानवी शक्ती फक्त डॉ. मॅनहॅटन या निळ्या पात्राकडे आहे, बाकी सगळे नायक हाडामांसाचे. चित्रपटात ठोसा बसला की संगमरवर फुटतो. मग मॅनहॅटन वेगळा कशाने?

सुरुवातच बघा. पुस्तकाचं पहिलं पान सात चौकटींचं: गटाराशेजारी पडलेला रक्ताळलेला बिल्ला, तिथून नजर सरळ वर वर जात फुटलेल्या खिडकीपर्यंत. सोबत रोरशाकच्या डायरीचा मजकूर. खून आपण पाहतच नाही. पुढे दोन पोलीस खोलीत अंदाज बांधत बोलतात आणि त्यांच्या वाक्यांमध्ये लाल रंगातल्या एकेक चौकटीत मारामारीचे तुकडे येतात. चित्रपटात आधी सगळी झटापट सलग दिसते, तीही 'अनफरगेटेबल' गाण्यावर. त्यानंतर पोलीस आले तर त्यांना करायला काय उरलं? प्रेक्षकाला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. प्रसंग तोच, क्रम बदलला आणि तपासातली हवा गेली.

अवांतर_मंडळ

शीर्षकांच्या भागाबद्दल कोणीतरी बरं बोला राव. बॉब डिलनच्या गाण्यावर १९४० पासूनचा इतिहास जवळजवळ गोठलेल्या चित्रांतून जातो. निवृत्त नायक हॉलिस मेसनच्या आत्मचरित्राची आख्खी पुरवणी तिथे एका गाण्यात बसवली आहे, आणि ती पुस्तकातून उचललेली चित्रंही नाहीत.

शाईडाग

मान्य, शंभर टक्के. चित्रपटातलं सगळ्यात चांगलं रूपांतर तेच. पुरवणीतला मजकूर वाचून दाखवला नाही. फोटोचा अल्बम चाळल्यासारखी नवी दृश्यं रचली, आणि स्लो मोशनलाही तिथे काम मिळालं. पुढच्या अडीच तासांत हे धाडस फारसं दिसत नाही, म्हणूनच चिडचिड होते.

कट_टू

संकलनाच्या बाजूने सगळ्यात अवघड आहे चौथा अंक. डॉ. मॅनहॅटन मंगळावर, हातात फोटो. त्याच्या लेखी सगळे काळ एकाच वेळी चालू आहेत. निवेदन पूर्णपणे वर्तमानकाळात: १९८५ मध्ये फोटो वाळूत पडतोय, १९५९ मध्ये तो काढला जातोय, १९४५ मध्ये घड्याळजी बाप हिरोशिमाची बातमी वाचून घड्याळाचे भाग खिडकीतून फेकतोय.

पानावर हे का चालतं? नऊही चौकटी डोळ्यांसमोर एकदम हजर असतात. १९५९ वाचताना शेजारचं १९८५ नजरेच्या कडेला दिसतंच. मॅनहॅटनला काळ जसा दिसतो तसं वाचकाला पान दिसतं. पडद्यावर एका वेळी एकच चित्र. दुसरं लावलं की पहिलं गेलं. तिथे आपोआप जे होतं त्याला प्रेक्षक 'फ्लॅशबॅक' म्हणतो, आणि फ्लॅशबॅक म्हणजे भूतकाळ. मॅनहॅटनला भूतकाळ नाही. सगळी गोची इथे.

२००९ मध्ये फिलिप ग्लासचं संगीत घेऊन हा अंक काही मिनिटांत आटोपला आहे. देखणा आहे, पण घटना बव्हंशी सरळ क्रमाने लावल्यात: भेट, जत्रेतला फोटो, अपघात, पुनर्जन्म, व्हिएतनाम. पुस्तकात पान पान मागेपुढे होतं. क्रम सरळ केला की उरतं ते सुपरहिरोचं नेहमीचं जन्माख्यान.

याला उत्तर २०१९ च्या एचबीओ मालिकेत आहे, आठव्या भागात. ती मालिका पुस्तकाचं रूपांतर नाही, नऊ भागांचा पुढचा अध्याय आहे, पण हा प्रश्न तिने सोडवला. व्हिएतनाममधल्या बारमध्ये दोन माणसांचा एकच संवाद खुंटी म्हणून ठोकला. तिथून दहा वर्षं पुढे जा, मॅनहॅटनच्या लहानपणात जा, परत यायचं त्याच टेबलाशी. मॅनहॅटनचा चेहरा त्या संवादात दाखवलेला नाही. पाठ, हात, ग्लास. प्रेक्षक हाच 'आत्ता' धरून बसतो आणि मग त्याच टेबलावर मॅनहॅटन पुढे घडणाऱ्या गोष्टी घडून गेल्यासारख्या सांगतो.

नियम म्हणून मांडायचं तर: एक जागा पक्की ठेवा, तिचा आवाज पक्का ठेवा (बारची कुजबुज, पेल्यांचा आवाज) आणि उडी मारताना चित्राआधी आवाज न्या. पुढच्या काळाचा आवाज दोन सेकंद आधी आला की दोन काळ खरोखर एकत्र वाजतात. चित्राला जे जमत नाही ते ध्वनिपट्टीला जमतं. डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) मात्र नको, तो 'आठवण' सांगतो. सरळ कट.

पानपलट

आवाजाचा हाच मुद्दा 'टेल्स ऑफ द ब्लॅक फ्रेटर'ला लागू होतो. वर्तमानपत्राच्या ठेल्याशेजारी बसून पोरगा चाच्यांचं कॉमिक वाचतोय. त्या कॉमिकमधला मजकूर ठेल्याच्या चौकटींवर येतो, ठेलेवाल्याची बडबड कॉमिकच्या चौकटींवर जाते. दोन रूळ एकाच वेळी, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या चित्रावर बरोबर टोमणा मारतं.

चित्रपटासाठी याचं वेगळं अॅनिमेशन केलं (आवाज जेरार्ड बटलरचा), २००९ मध्ये स्वतंत्र डीव्हीडीवर काढलं आणि मग अल्टिमेट कटमध्ये मध्ये मध्ये शिवलं. शिवण दिसते. पाच मिनिटं रस्ता, मग तीन मिनिटं समुद्र, मग पुन्हा रस्ता. एकाच वेळी चालणारं एकामागोमाग झालं. टोमणा गेला, उरला व्यत्यय. लोक म्हणतात 'चाच्यांचा भाग कंटाळवाणा'. कथा कंटाळवाणी नाही, जोडणी तशी आहे.

करायला काय हवं होतं? समुद्राचं चित्र कमीत कमी, चाच्याचं निवेदन मात्र रस्त्याच्या दृश्यांवर सतत. ठेलेवाला युद्धाबद्दल बडबडतोय आणि खाली हलक्या आवाजात पोराच्या डोक्यातलं वाचन. दोन आवाज एकमेकांवर चढू नयेत म्हणून ठेलेवाल्याच्या वाक्यांमध्ये श्वासाच्या जागा सोडायच्या आणि निवेदन तिथे बसवायचं. म्हणजे हे पटकथेतच लिहावं लागतं. चित्रीकरण झाल्यावर संकलकाच्या गळ्यात मारून भागत नाही.

थिएटरातल्या आवृत्तीत तर ठेला जवळपास नाहीच. ११ व्या अंकाच्या शेवटी ठेलेवाला आणि पोरगा एकमेकांना कवटाळतात आणि पान पांढरं होत जातं. अंकामागून अंक त्यांची किरकिर ऐकल्यामुळे ते लागतं. ओळखच करून दिली नाही तर शहर उडालं काय आणि राहिलं काय.

नेमका_प्रश्न

म्हणजे स्क्विड (पुस्तकाच्या शेवटी व्हाइट न्यूयॉर्कवर टाकतो तो राक्षसी बनावट प्राणी) काढला म्हणून लोक रागावले ते उगाच? शेवटचा बदल मला तर सुटसुटीत वाटतो. व्हाइटने मॅनहॅटनच्या ऊर्जेची नक्कल करून शहरं उडवली, दोष मॅनहॅटनवर. वेगळा प्राणी हवाच कशाला?

तिरपी_रेघ

पटकथेच्या हिशेबाने बदल हुशारीचा आहे. स्क्विड ठेवायचा तर त्याची पूर्वतयारी ठेवावी लागते: गायब झालेले कलाकार, बेटावरची चित्रकार हीरा मनीष आणि लेखक मॅक्स शे (जो ब्लॅक फ्रेटरचाही लेखक), मेलेल्या अतींद्रिय माणसाच्या मेंदूचा वापर, मग बोटीचा स्फोट. प्रसंग छोटे आहेत, पण पाच-सहा ठिकाणी विखुरलेले. धरा पंधरा-वीस मिनिटं. १६२ मध्ये ती कुठून आणणार? तयारीशिवाय शेवटी न्यूयॉर्कमध्ये राक्षसी स्क्विड पडला असता तर थिएटरात हशा पिकला असता.

पण फुकट काही मिळत नाही. स्क्विड परका आहे, कोणाच्याच बाजूचा नाही, म्हणून अमेरिका आणि रशिया एकत्र येतात. मॅनहॅटन वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेचं अस्त्र होता. मॉस्को त्याच्या ऊर्जेने उडालं तर रशियाने आधी वॉशिंग्टनकडे बोट दाखवायला हवं. चित्रपट अमेरिकन शहरंही उडवून ही फट बुजवतो. बुजते, पण नीट पाहिलं तर दिसते.

दुसरा तोटा मोठा. १२ व्या अंकाची पहिली सहा पानं पूर्ण पानभर एकेक चित्राची आहेत, प्रेतांनी भरलेला रस्ता. ११ अंक नऊ चौकटींच्या शिस्तीत काढल्यावर ती सहा पानं अंगावर येतात. चित्रपटात स्फोटात माणसं विरून जातात, उरतो खड्डा. प्रेतं नाहीत, म्हणजे व्हाइटच्या हिशेबातली किंमत बघावी लागत नाही. मालिकेने स्क्विड परत आणला तो याचसाठी असं माझं मत: २ नोव्हेंबर १९८५, तीस लाख मृत, आणि वाचलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य.

अवांतर_मंडळ

२०२४ च्या अॅनिमेशनमध्ये स्क्विड आहे, दोन भागांत. तिथे तर खर्चाचीही अडचण नव्हती.

तिरपी_रेघ

हो, आणि निष्ठेच्या बाबतीत ते सगळ्यात पुढे. पण हिगिन्सचे रंग तिथेही निसटले असं मला वाटतं. त्याने सुपरहिरोंचे नेहमीचे लाल-निळे-पिवळे बाजूला ठेवून जांभळा, हिरवा, नारिंगी वापरले, सपाट. संगणकी त्रिमितीवर छाया-प्रकाश चढला की सपाटपणा जातो. जिवंत माणसांच्या चित्रपटात तर रंग सांभाळणं आणखी कठीण. तिथे मॅनहॅटनसाठी नट बिली क्रूडपला निळे एलईडी लावलेला पोशाख घालून उभं केलं होतं, ते योग्यच. शरीर नंतर संगणकावर बदललं, पण समोरच्या नटीच्या गालावर, उशीवर, भिंतीवर पडणारा निळा उजेड खरा हवा. नंतर रंगवलेला उजेड केसांच्या कडांवर लगेच पकडला जातो.

नेमका_प्रश्न

सगळं ठीक, पण एखाद्याला असं पुस्तक समोर ठेवून पटकथा करायचीच असेल तर पहिल्या दिवशी टेबलावर काय करायचं?

कट_टू

पटकथा लिहायला बसायचं नाही. एका अंकाच्या छायाप्रती काढा, एका बाजूला छापलेल्या. प्रत्येक पानावर चार रंगांनी खुणा करा: दिसतं ते, बोललं जातं ते, लिहिलेलं आहे ते (डायरी, मथळे, पाट्या), आणि मागे चाललंय ते. वॉचमेनमध्ये तिसरा आणि चौथा रंग पहिल्या दोघांइतकेच भरतात. वाया जातात तेही हेच दोन, कारण पटकथेच्या मांडणीत त्यांना रकानाच नसतो.

मग पानं जमिनीवर समोरासमोर मांडा, डावं-उजवं जसं पुस्तकात आहे तसं. धक्का बहुधा डाव्या पानाच्या सुरुवातीला असतो, पान उलटल्यावरच दिसावा म्हणून. त्या जागांवर लाल खूण. हे तुमचे कट, इथे दृश्य तुटलंच पाहिजे. बाकी सगळे कट तुमच्या मर्जीचे.

त्यानंतर शब्द मोजा. पानाला दीडशेच्या वर गेले की संवाद कापावा लागणार, आणि कापताना एक तपासा: या वाक्याचं चित्राशी भांडण आहे का? असेल तर ते ठेवा, दोघांचं एकमत असेल तर वाक्य उडवा. रोरशाकच्या डायरीला ही कसोटी लावून बघा. पुस्तकात ती लिहिलेली आहे, खडबडीत, वेड्यासारखी, आणि वाचकाला तिच्यावर हसताही येतं. चित्रपटात जॅकी अर्ल हेलीच्या घोगऱ्या आवाजात ती भारदस्त झाली. नट उत्तम, पण अंतर संपलं. काही ओळी नुसत्या कागदावर दाखवल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी एकेका युक्तीसमोर लिहा: याला चित्र, आवाज की वेळ, यापैकी कशात उत्तर आहे? तिन्हीत नसेल तर प्रसंग बदला. रेटून नेऊ नका.

पानपलट

पाचव्या अंकाला ही पद्धत लावून दाखवा. २८ पानं, १४-१५ च्या जोडपानाभोवती आरशासारखी: पहिलं पान २८ व्याशी जुळतं, दुसरं २७ व्याशी, असं करत मधोमध व्हाइटवरचा हल्ला. रमरनर नावाच्या बारची निऑन पाटी डबक्यात उलटी दिसते तिथून सुरू, त्याच डबक्याशी रोरशाक पकडला जातो तिथे शेवट.

कट_टू

जशीच्या तशी होणार नाही. वाचक मधलं पान उघडून दोन्हीकडे चाळू शकतो. प्रेक्षकाला २५ मिनिटांपूर्वीचा शॉट आठवायला हवा. एवढ्या लांबीवर चौकटींची रचना लक्षात राहत नाही, ठिकाण आणि आवाज राहतात. म्हणून १४ जोड्यांपैकी चारच निवडा. पहिली-शेवटची डबक्याची, मधला हल्ला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन. त्या चार जोड्यांना तीच लेन्स, तीच कॅमेऱ्याची उंची, फक्त बाजू उलटी: आधी पात्र डावीकडून आत आलं असेल तर परत उजवीकडून. पाटीच्या लुकलुकण्याला एक ठरावीक लय द्या, दोन सेकंद चालू, एक बंद, आणि ती भागात फक्त दोनदा ऐकवा. बाकीच्या दहा जोड्या सोडून द्या.

शाईडाग

चार जोड्या जास्त होतात, तीन बस. आणि मधल्या हल्ल्यात स्लो मोशन दिसली तर मी धागा सोडून जाईन.